ताकाचं पातेलं आणि नापास रस्ता

“मॅडम, रस्त्याला ताप आलाय का?”

हा प्रश्न माझा नव्हता. तो हेतलनं तयार केला होता, आणि चिमीनं त्यावर पैज लावली होती की तेजल काही विचारायची नाही, तेजल व्हॅनमध्ये बसून गुपचूप घरी जाईल. तेजल म्हणजे मी. रस्त्याचं काम चालू होतं म्हणून आमची शाळेची व्हॅन कुंभवलीच्या फाट्याजवळ अडकली होती. हेतल आणि चिमी आपापल्या सायकली व्हॅनच्या खिडकीला टेकवून मला चिडवत होत्या. आणि समोर पिवळं हेल्मेट घातलेली एक ताई वाफाळत्या काळ्या डांबरात लांब दांड्याचा थर्मामीटर खुपसून, डॉक्टरांसारखा चेहरा करून उभी होती.

आठवीपर्यंत मी वर्गात हात वर करायचे तो फक्त केस मागे सारायला. यंदा नववीत स्नेहसंमेलनाच्या दिवशी सूत्रसंचालन करणाऱ्या स्वराजचा घसा बसला, बाईंना समोर मी दिसले, त्यांनी माईक माझ्या हातात कोंबला, आणि तेव्हापासून माझं तोंड बंद करायचं बटण सापडत नाहीये असं आई म्हणते. तर मी व्हॅनमधून उतरले, ओढणी नीट केली, आणि विचारलं.

त्या ताईनं वळूनही बघितलं नाही. थर्मामीटरचा काटा थांबेपर्यंत थांबली, मग म्हणाली, “आलाय ना. आणि यायलाच हवा. डांबर थंड पडलं तर रोलर कितीही फिरवा, खडी नीट दबत नाही. तू तिथूनच बघ, पुढे येऊ नकोस, चपला चिकटतील.”

मागे हेतल-चिमी हसायला तयार होऊन बसल्या होत्या, त्यांना हसायला जागाच मिळाली नाही. कोणी माझ्या वेडगळ प्रश्नाला इतकं सरळ उत्तर दिलं की मला अजून एक विचारावासा वाटतो. हा मात्र माझा स्वतःचा होता.

“मग रस्ता गुळगुळीत झालाय की नाही, हे ठरवतं कोण?”

“मी,” ताई म्हणाली.

 म्हणजे माझी सायकल त्या एका माणसाच्या हातात होती, आणि त्या माणसानं पिवळं हेल्मेट घातलं होतं.

सायकलीचं सांगते. सहावीत मला सायकल घेतली. आमच्याकडे सगळं अंगापेक्षा मोठं घ्यायची पद्धत, म्हणजे पुढे चालेल. गणवेश मोठा, सँडल मोठे, तशी सायकलही. माझे पाय जमिनीला लागायचे नाहीत. त्यातच पावसात या रस्त्यावर पाण्यानं भरलेला एक खड्डा होता, तो मला डबकं वाटला, आणि मी आणि सायकल दोघी त्यात गेलो. डावा हात प्लास्टरमध्ये. आई मागून स्कूटीवर येत होती, तिनं सगळं बघितलं. हात बरा झाला, आईची भीती काही बरी झाली नाही. सायकल मागच्या पडवीत जुनी चादर पांघरून बसली आणि मी शाळेच्या व्हॅनमध्ये बालवाडीच्या पोरांबरोबर. नववीतली घोडी, मांडीवर दुसऱ्याची वॉटरबॅग. हेतल मला हाक मारताना “बालवाडी” म्हणते, भर बाजारात.

बाबा एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत क्वालिटीला आहेत. त्यांच्या इथे गोळ्यांचं एक पाकीट गेटबाहेर जायला कुणीतरी ‘पास’ लिहावं लागतं, आणि बाबांना ती सवय घरी पण लागलीय. दूध उतू गेलं तर ते आधी कारण विचारतात, मग गॅस बंद करतात. मी सायकलीसाठी मागे लागले की त्यांचं एकच, “रस्ता चांगला होऊ दे, मग बघू.” आणि या वर्षी रस्त्याचं काम सुरू झाल्यावर मी म्हटलं, “झाला बघा चांगला,” तर म्हणाले, “तू म्हणतेस म्हणून नाही. टेस्टिंगमध्ये पास होऊ दे. ज्या दिवशी पास, त्याच्या दुसऱ्या दिवशी सायकल. चारुता, तू साक्षीदार.” आईनं, म्हणजे चारुतानं, लगेच मान डोलावली. तिला वाटलं असणार की आपल्याकडे रस्ते कसले पास होतात.

म्हणून मग मी रोज संध्याकाळी रस्त्यावर. ताईचं नाव रूपल, सफाळ्याची, तिथून येऊन-जाऊन करायची. रस्ता बांधणाऱ्या ठेकेदाराची माणसं वेगळी आणि तपासणारी ती वेगळी, हे तिनं मला पहिल्याच दिवशी समजावलं. तिची तपासणी मला इतकी साधी वाटली की आधी विश्वासच बसेना. तीन मीटर लांब, अगदी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी. ती रस्त्यावर आडवी टाकायची आणि बसून, गाल जवळजवळ डांबराला लावून, खालून उजेड दिसतो का बघायचं. उजेड दिसला म्हणजे फट. फटीत पाचर सरकवायची, पाचरीवर मिलिमीटर कोरलेले, जिथे अडकेल तो आकडा वाचायचा. आकडा जास्त आला तर त्या जागेभोवती गोल.

“आणि हे रजिस्टरमध्ये?” मी पट्टीचं दुसरं टोक धरून विचारलं. टोक धरायचं काम मी स्वतःहून घेतलं होतं.

“तीनशे मीटरच्या पट्ट्यात किती जागा बिघडल्या, एवढाच आकडा लिहायचा असतो. नेमकी कुठे, ते रस्त्यावरच. खुणेवर माणसं येऊन तेवढा तुकडा कापतात आणि नवीन डांबर भरतात.”

“आणि किती बिघडल्या तर नापास?”

“तू माझ्यापेक्षा जास्त घाबरतेस त्या शब्दाला,” ती हसली. “थोड्या चालतात. गावाबाहेरचा सगळा चांगला आलाय. तुमच्या आळीसमोरचा बघायचाय अजून.”

आमच्या आळीसमोरचा शुक्रवारी बघितला. गोलांवर गोल पडत गेले. माझा जीव प्रत्येक गोलाबरोबर थोडा थोडा खाली. तिच्याकडचा रंगाचा डबा संपला होता म्हणून तिनं पिवळ्या खडूनं खुणा केल्या आणि म्हणाली, “उद्या सकाळी ठेकेदाराकडच्या मितेशभाईंची माणसं येऊन कापतील. खडू एक रात्र टिकतो की.”

खडू एक रात्र टिकतो. पण शनिवारी हनुमान जयंती होती.

आमच्याकडे त्या दिवशी सकाळी मारुतीची पालखी आळीतून फिरते. बायका पहाटे उठून दारापुढची जागा झाडतात, पाणी मारतात, रांगोळी काढतात. इतकी वर्षं प्रत्येकीची रांगोळी आपल्या पायरीपुरती, कारण पुढे खडी आणि खड्डे. यंदा सगळ्यांनी बघितलं की समोर शाळेतल्या पाटीसारखा कोरा काळा रस्ता पसरलाय. मग काय. जयवंती काकीनं पुढाकार घेतला, आळीतल्या एकूणएक बायका खराटे आणि बादल्या घेऊन उतरल्या, आणि त्यांनी रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घासून घासून धुतला. मग त्यावर हंस, कमळं, गदा, आणि मधोमध ‘जय बजरंगबली’. मी तेव्हा झोपले होते. उठून बाहेर आले तर पालखी जाऊनही झाली होती आणि माझ्या आईच्या हाताला अजून रांगोळी लागलेली होती.

“आई, इथे पिवळे गोल होते ना?”

जयवंती काकी शेजारच्या ओट्यावरून म्हणाली, “व्हते ना. आमाला वाटला पोरांनी ठिकरीचे डाव मांडलेत. पालखीच्या वाटेवं बरा दिसतो काय? मीच घासले. लय चिवट खडू हाय तुमचा.”

तेवढ्यात रूपलताई आली. खांद्यावर पट्टी, मागून मितेशभाई, म्हणजे ठेकेदाराचे सुपरवायझर, मोबाईल कानाला लावून. ताई हंसासमोर येऊन थांबली. तिनं हंसाकडे बघितलं, कमळाकडे बघितलं, आणि हेल्मेट काढून हातात घेतलं.

“सुंदर आहे,” ती म्हणाली. तिचा आवाज मात्र भलत्याच ठिकाणाहून आल्यासारखा.

मितेशभाईंनी फोन खिशात टाकला. “ओ मॅडम, खुणा कुठायत?”

“होत्या. धुतल्या गेल्या.”

“म्हणजे नाहीत. माझी माणसं कापणार काय, कमळ? आता पाप लागेल ते वेगळं.” ते तसे वाईट नाहीत, पण त्यांचं डांबर कापायचं यंत्र दुपारी सफाळ्याकडच्या कामावर जायचं होतं. “हे बघा, दिसत नाही ते नाही. लिहा पास, देवाचा दिवस आहे.”

“सगळं परत मोजायला मला आजचा अख्खा दिवस लागेल.”

“आणि माझं यंत्र दुपारी जाईल. मग पावसाळ्यानंतरच या बाजूला. तोवर खुणा करून काय उपयोग?”

ताई आमच्या ओट्यावर बसली. आईनं तिला ताक दिलं. पालखीच्या भोयांसाठी केलेलं ताक एवढं उरलं होतं की दोन मोठी पातेली भरून पडवीत होती, आणि एप्रिलच्या उन्हात त्यातलं एक आंबून गेलं होतं.

मी खांबाला टेकून उभी होते आणि हिशेब करत होते. ताई पास लिहिणार. मी ते बाबांना सांगणार. बाबा शब्दाचे पक्के. सोमवारी सायकल. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि आठवीपर्यंत मला ते उत्तम जमायचं. हेतल आणि चिमी पालखी बघायला आलेल्या, त्या पण माझ्या शेजारीच. हेतल कानात पुटपुटली, “अगं, लॉटरी लागली की तुला.”

लागली होती. पण ताई पेल्यातल्या ताकाकडे बघत बसली होती, पीत नव्हती. मी तापाचं विचारलं तेव्हा ती हसली नव्हती. आणि शुक्रवारी पट्टीचं दुसरं टोक मी धरलं होतं, ते उंचवटे मी गाल टेकवून बघितले होते. उद्या मी सायकलवरून जाणार, दाणकन आपटणार, आणि वरून म्हणणार की रस्ता पास आहे. मला माझंच हसू आलं असतं.

पेल्यातलं ताक तिच्या हातात हललं आणि काठावरून एक थेंब खाली पडला. काळ्या पायरीवर पांढरा ठिपका.

“ताई,” मी म्हटलं, “भांडं काठोकाठ भरून सायकलवर ठेवलं, तर उंचवट्यावर सांडेल ना?”

ताईनं मान वर केली.

“जिथे सांडेल तिथे पट्टी टाकायची. सगळीकडे टाकायची गरजच नाही. आणि ताक पांढरं आहे, दिसतं.”

“सायकलवर काहीही सांडेल गं. चालवणारा हलला तरी सांडेल.”

“म्हणून तिघी चालवू. तिघींचं जिथे सांडलं तिथे रस्त्याचा दोष, एकीचंच सांडलं तिथे तिचा.”

मितेशभाई म्हणाले, “पोरी, तू कितवीत आहेस?” मी सांगितलं नववीत. “मग अभ्यास कर ना.”

पण ताई उठून आईकडे वळली होती. “काकू, ते आंबलेलं ताक मिळेल?”

जयवंती काकीला हे अजिबात पटलं नाही. “रस्त्याला ताक पाजतात का कधी? आमी गुरांना दिला असता.” तरी तिनंच पातेलं उचलून आणलं, कारण काय होतंय ते तिला सगळ्यांच्या पुढे उभं राहून बघायचं होतं.

आधी हेतलनं सायकलवरून फेरी मारली, मग चिमीनं. छोटी पातेली कॅरियरला सुतळीनं बांधलेली, हळूहळू, सरळ रेषेत. हंसाच्या मानेजवळ दोघींचं सांडलं. ‘बजरंगबली’च्या पुढे दोघींचं सांडलं. मग चिमी सायकल माझ्यापुढे धरून म्हणाली, “चल बालवाडी, तुझी पाळी. का राहू दे?”

मी तिची सायकल घेतली नाही. पडवीत गेले, चादर ओढली, आणि माझी बाहेर काढली. चाकांत हवा नव्हती, हेतलनं शेजारून पंप आणला. मी बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले, टाचांसकट. मी खाली बघतच राहिले. ही कधी इतकी बुटकी झाली?

पहिली फेरी सांगण्यासारखी नाही. अख्ख्या आळीत ताकाचा सडा पडला. मितेशभाई म्हणाले, या हिशेबानं तर विमानाची धावपट्टी पण नापास होईल. एक कुत्रा माझ्या मागे मागे चाटत आला. हेतल-चिमीच्या ठिपक्यांवर ताईनं आधीच खडे ठेवले होते, म्हणून माझी ही फेरी सोडून दिली आणि पातेलं परत भरलं. दुसऱ्यांदा निघाले तेवढ्यात आई दारात आली. रांगोळीचा डबा तिच्या हातात तसाच.

“तेजल, उतर.”

“आई, मागे पातेलं आहे. उतरले तर सगळं सांडेल.”

ते खरं होतं. ती रस्त्यावर आली आणि माझ्या बाजूनं चालायला लागली, एक हात माझ्या पाठीपासून वीतभर लांब धरून. मी समोर बघत होते. तिच्या बांगड्या ऐकू येत होत्या. पहिला उंचवटा आला, हँडल हललं, मागे ताक डुचमळलं, मी सरळ झाले. दुसरा आला. तिसरा मी तो यायच्या आधीच ओळखला आणि सीटवरून थोडी वर उठले, जसं हेतल-चिमी रोज करतात आणि मला वाटायचं ती त्यांची स्टाईल आहे. मग बांगड्यांचा आवाज मागे राहिला. आळीच्या टोकाला पाय टेकून वळून बघितलं, तर आई मधेच थांबली होती, हात तसाच पुढे धरलेला, आणि जयवंती काकी तिला सांगत होती, “सोड गं आता, घोडी झाली ती.”

त्यानंतरचं काम ताईचं. ठिपके जिथे तिघींचे एकावर एक पडले होते, तिथे तिनं पट्टी टाकली आणि पाचर सरकवली. बऱ्याच ठिकाणी पाचर अडकली. एक-दोन ठिकाणी एकटीचा माझाच ठिपका होता, तिथेही तिनं बघितलं, पण पाचर नाही अडकली; तिथे खरं तर माझाच तोल गेला होता, ते मी लगेच मान्य केलं. शेवटी रजिस्टरमधला आकडा आणि रस्त्यावरच्या जागा जुळल्या, वर एक जास्तीची सापडली, जी शुक्रवारी अंधार पडल्यामुळे राहिली होती. या वेळी ताईनं खडू काढलाच नाही. मितेशभाईंच्या टेम्पोतून लाल रंग मागवला.

“एक जास्तीची पण शोधलीत,” मितेशभाई माझ्याकडे बघून म्हणाले. “देवाच्या दिवशी.” मग कपाळाला हात लावून त्यांनी फोन लावला आणि कापायची माणसं बोलावली. कमळाला त्यांनी आधी नमस्कार केला. आईनं आणि काकीनं कापायच्या आधी तेवढी रांगोळी हातानं पुसून घेतली, कुणाचा पाय नको म्हणून.

मी ताईला विचारलं, “मग आता हा पास कधी?”

“तुकडे भरतील, बसतील. फेरतपासणी पावसाळा झाल्यावर. दिवाळीच्या आसपास धर.” तिनं हेल्मेट घातलं. “आज मात्र नापासच लिहावं लागणार. तुला एवढं का लागलंय गं?”

मी तिला सायकलीचं सांगितलं. तिनं पट्टी उचलली. मग म्हणाली, “मग तू ते ताकाचं सांगितलंस कशाला?”

“मला गप्प बसता येत नाही,” मी म्हटलं. “नवीनच सवय आहे.”

ती पट्टी खांद्यावर टाकून निघाली तेव्हा आळीत डांबराचा वास आणि आंबट ताकाचा वास एकत्र झाला होता. तो कसा असतो ते मी कुणाला समजावू शकणार नाही.

बाबांची पहिली पाळी सुटली. कंपनीची बस फाट्यावर थांबली आणि ते चालत आले, लाल रंगानं आखून कापलेले चौकोन एकेक ओलांडत, प्रत्येकाजवळ थोडं वाकून बघत. ओट्याशी आले तोवर चेहऱ्यावर त्यांचा कंपनीतला भाव होता. माझी सायकल पायरीशी उभी होती, मागे पातेलं अजून बांधलेलं.

“रिपोर्ट काय?” त्यांनी विचारलं.

“नापास,” मी म्हटलं. “आपल्या आळीसमोरचा. फेरतपासणी दिवाळीला.”

“मग ठरल्याप्रमाणे दिवाळीपर्यंत—”

“ही आज चालवत होती,” आई मधेच म्हणाली. ती तक्रार होती की आणखी काही, ते तिच्या आवाजावरून बाबांना कळलं नाही, मलाही नाही. “मागे ताकाचं पातेलं बांधून.”

“सांडलं?”

“पहिल्यांदा सगळं,” आईच म्हणाली. “नंतर फक्त जिथे रस्ता वाईट आहे तिथे.”

बाबा सायकलीजवळ गेले. ब्रेक दाबून बघितला, चाक फिरवून बघितलं, कॅरियर हलवून बघितला. त्यांना कुठे काय लिहायचं ते सुचत नव्हतं. मी उभी राहिले. संमेलनात उभी राहिले होते तशीच, फक्त या वेळी माईक कुणी हातात कोंबला नव्हता.

“बाबा, आई, तुम्ही दोघंही ऐका. रस्ता पास व्हायची वाट बघत बसले तर माझी दहावीही व्हॅनमध्येच संपेल. कुठे कुठे आपटतं ते मला आता ठाऊक आहे, आणि आपटल्यावर काय करायचं तेही. सोमवारपासून मी शाळेत सायकलनं जाणार. विचारत नाहीये, सांगतेय.”